मिठाचा बर्फ

९ फेब्रुवारी १९८७, सोमवार. मरोळ

चौथी नोकरी लागली. आधीच्या तीन मी स्वतःच सोडल्या, कुणी काढलं नव्हतं. मरोळच्या इंडस्ट्रीत पत्रा कापायच्या मशीनवर सात महिने टिकलो, तोच सगळ्यात मोठा मुक्काम. एका जागी जास्त दिवस झाले की माझ्या पायांना मुंग्या येतात. आई गावाकडून पत्रात लिहिते (म्हणजे मास्तरांकडून लिहून घेते), परतूरला होतास तेव्हाही असाच होतास, बसलेला कधी दिसला नाहीस.

हे आरोग्याचं मंडळ आहे. डॉ. कारखानीस म्हणून मोठे डॉक्टर चालवतात. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. चालायची तयारी आहे का? म्हटलं, तेवढंच येतं. वाचता येतं का? म्हटलं, मराठी, सावकाश.

काम असं. लहान मुलांना टोचायच्या लसीची निळी पेटी खांद्यावर घ्यायची आणि लांबच्या वस्त्यांवर पोचवायची. आत बर्फ घालायचा. घड्याळासारखा काटा असतो, तो बघून वहीत आकडा लिहायचा. पेटी परदेशातून आली आहे. झाकणाच्या आतून इंग्रजी कागद चिकटवलाय, बारीक अक्षरात दहा-बारा ओळी. क्षमा सिस्टरला विचारलं, काय लिहिलंय? ती मुलुंडहून येते, चार वस्त्या एकटी बघते, कायम घाईत. म्हणाली, "थंड ठेवायचं. एवढंच."

एवढंच असेल तर मग दहा ओळी कशाला?

१२ फेब्रुवारी, गुरुवार

वाट लागली.

मनोरी म्हणजे मालाडहून मार्वेची बस, मग होडी. तिथल्या बाया पहाटे मासळी घेऊन बाजाराला निघतात, ज्या राहतात त्या सकाळी लवकरच सापडतात. म्हणून पेटी आदल्या संध्याकाळी नेऊन ठेवायची, मी तिथंच झोपायचं, आणि सिस्टरनं सकाळच्या होडीनं यायचं. मुक्काम सरूबाईकडे ठरवलाय. ती म्हातारी मासळीवाली. घरात सून मंजुळा आणि तिची पाच महिन्यांची पोरगी कमळ. मुलगा बोटीवर.

सकाळी पेटी उघडली तर आत नुसतं पाणी. काटा अठरावर. सिस्टरनं सगळ्या बाटल्या बाजूला केल्या. देवळाच्या मंडपात बाया पोरं घेऊन बसल्या होत्या. त्यांना परत जायला सांगावं लागलं. एक बाई जाताना म्हणाली, "बाजार बुडवून बसलं ना मी, आन् हे बोलतात जा."

सरूबाई कंबरेवर हात ठेवून माझ्या पेटीकडे बघत होती. "पोरा, तू कनच्या गावचा?"

"परतूरकडचा, मावशी."

"तिथं समुद्र हाय?"

"नाही."

"दिसतंयच. अरे, बरफ असा ठेवतात? हा तर दुपारपर्यंत पन नाय टिकाचा. आमचं म्हावरं असं ठेवलं असतं तर अख्खा बाजार नाक दाबून पळाला असता. पुढच्या टायमाला मना सांग."

२६ फेब्रुवारी, गुरुवार

झकास झालं.

काल संध्याकाळी सरूबाईनं पेटी स्वतः भरली. बर्फाचा चुरा केला, एक थर बर्फ, एक मूठ खडे मीठ, पुन्हा बर्फ, पुन्हा मीठ. म्हणाली, नुसता बर्फ रडतो, मीठ घातलं की गप बसतो. पापलेट दोन दिवस टणक राहतं याच्यात. बाटल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मधोमध पुरल्या.

सकाळी काटा शून्याच्याही मागे! वहीच्या रकान्यात उणे कसं लिहायचं कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून ० लिहिलं. बाटल्यांच्या बाहेर पांढरं दव आणि आतलं गच्च झालेलं. क्षणभर दचकलो. मग आठवलं, थंडीत आमच्याकडे खोबरेल असंच गोठतं, उन्हात ठेवलं की पुन्हा तेलाचं तेल. सिस्टर यायच्या आत बाटल्या मुठीत धरून, उन्हात धरून मोकळ्या केल्या. तिला कुठं ताप द्यायचा.

ती आली, वहीवर न बघता सही केली, टोचायला बसली. एकसष्ट मुलं. एकही परत पाठवलं नाही. शेवटी सिस्टर पहिल्यांदाच हसली आणि सरूबाईला म्हणाली, "मावशी, तुम्हीच आमच्या मोठ्या डॉक्टर." सरूबाई दिवसभर ते सगळ्यांना सांगत होती.

२६ मार्च, गुरुवार

दुसरा डोस. एकसष्टच्या एकसष्ट. मीठ, बर्फ, मीठ. काटा तसाच मागे. मी आता मनोरीत तोंडओळखीचा झालो. मंजुळानं सुकट बांधून दिली. खोलीवर भिकाजी म्हणाला, "अंब्या, तू लस पोचवतोस की मासे आणतोस?" भिकाजी माझा खोलीसोबती, अजून पत्र्याच्या कारखान्यातच आहे. शिव्या देतो मालकाला, पण सोडत नाही.

२३ एप्रिल, गुरुवार

तिसरा डोस. एकसष्ट. तीन बाटल्या न फोडता उरल्या, त्या परत आणून फ्रीजमध्ये ठेवल्या.

डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावून पेढे दिले. भिंतीवर तक्ता लावलाय, बाकी वस्त्यांच्या पट्ट्या अर्ध्या, मनोरीची वरपर्यंत. आठ मे रोजी परदेशातून मोठ्या बाई येणार आहेत. साऱ्या जगाच्या आरोग्याची जी मोठी कचेरी आहे तिथून. डॉक्टर म्हणाले, सगळ्या देशांनी मिळून ठरवलंय की सन दोन हजारपर्यंत सर्वांना आरोग्य. श्रीमंताच्या पोराला जी लस मिळते तीच कोळ्याच्या, मजुराच्या पोराला मिळाली पाहिजे, तेवढीच चांगली. बाईंना मनोरी आवडली तर मानखुर्दच्या आणि आणखी दहा वस्त्यांना रॉकेलवर चालणारे फ्रीज मिळतील. वीज नसली तरी चालतात म्हणे.

"तेवढीच चांगली" हे मला आवडलं. माझ्या गावात जे येतं ते नेहमी उरलेलं असतं.

२९ एप्रिल, बुधवार

पाहुणीसाठी मंडप बघायला मनोरीला गेलो. सरूबाईच्या ओट्यावर चहा घेत होतो, आत कमळ खोकायला लागली. एक खोकला, दुसरा, तिसरा, श्वास घ्यायला उसंतच नाही. चेहरा निळा पडला, मग एकदम आत ओढलेला लांब आवाज. मंजुळा तिला पालथी धरून पाठ थोपटत होती.

माझ्या हातातला कप खाली ठेवायचा मला सुचेना.

तो आवाज मला पाठ आहे. माझी धाकटी बहीण शेवंती दोन वर्षांची असताना डांग्या खोकल्यानं गेली. मी नऊ वर्षांचा होतो. सगळं घर तो आवाज येण्याची वाट बघत बसायचं, कारण आवाज आला म्हणजे श्वास आत गेला. एका सकाळी आला नाही.

सरूबाई म्हणाली, "दात येतायत, त्याचा खोकला." वाडीत आणखी तीन पोरांना आहे.

पण त्याच्यासाठीच तर टोचलं ना आपण? त्रिगुणी म्हणजे घटसर्प, धनुर्वात आणि डांग्या. सिस्टरनंच शिकवलंय.

१ मे, शुक्रवार

सुट्टी. मंडळात कुणी नाही, चावी माझ्याकडे. फ्रीजमधून दोन बाटल्या काढल्या, एक कधी बाहेर न गेलेली, एक मनोरीहून परत आणलेली. दोन्ही हलवून टेबलावर ठेवल्या. पहिली दुधासारखी पांढरट राहिली. दुसरीत बारीक कण फिरत होते, फाटलेल्या दुधासारखे, आणि बघता बघता सगळे तळाला बसले. वर पाणी.

उरलेल्या दोन्ही तशाच.

म्हटलं, जुनी झाली असेल. म्हणून तारीख उलटलेल्या, टाकून द्यायच्या खोक्यातल्या दोन बाटल्या घेतल्या. कोपऱ्यावरच्या रसवाल्याकडून बर्फ आणला. एका डब्यात नुसता बर्फ, दुसऱ्यात भिकाजीचं मीठ घालून बर्फ. चार तास बसलो. एका जागी. नुसत्या बर्फातली दुधासारखी. मिठातली गोठली, मग सैल केली, हलवली. फाटली.

खोबरेलासारखं नसतं ते.

म्हणजे तीन वेळा आम्ही एकसष्ट पोरांना काय टोचलं?

२ मे, शनिवार

सिस्टरला दाखवलं. ती खुर्चीत बसली. मग उठून पेटीचं झाकण उघडलं आणि तो इंग्रजी कागद पहिल्यांदा सावकाश वाचला. सहाव्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणाली, "गोठवू नये, असं लिहिलंय. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं आम्हाला. पोलिओच्या थेंबांना बर्फ चालतो, त्रिगुणीला नाही. मी तुला नुसतं थंड म्हटलं." मग वही काढली. तीन ठिकाणी शून्य, तीन ठिकाणी तिची सही. 

कमळला बोरिवलीच्या दवाखान्यात न्यायची चिठ्ठी तिनं लगेच लिहून दिली.

दुपारी दोघं डॉक्टरांकडे गेलो. ते ओरडले नाहीत. खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "आठ तारखेपर्यंत हे आपल्या तिघांत राहील. नंतर बूस्टर म्हणून सगळ्यांना पुन्हा देऊ. घाबरवायचं कारण नाही. ह्या बाया पोराला सुई लावून घ्यायला तयार होईपर्यंत मला दोन वर्षं लागली. एकदा त्यांना कळलं की पहिल्या तीन सुया पाणी होत्या, तर त्या दारात उभं करणार नाहीत. आणि अकरा वस्त्यांचे फ्रीज जातील ते वेगळंच."

सिस्टर म्हणाली, "सर, जूनमध्ये होडी कधी चालेल कधी नाही. बूस्टर सप्टेंबरवर जाईल."

"बघू."

४ मे, सोमवार

डॉक्टर खोटं बोलत नाहीत. मानखुर्दला मी पेटी घेऊन जातो, तिथं आमच्याच भागातली, आमच्याच समाजाची माणसं आहेत, त्यांच्या पोरांसाठी फ्रीज नको का? एका बाजूला एकसष्ट, दुसऱ्या बाजूला शेकडो. पण ते शेकडो अजून खोकत नाहीत. कमळ खोकतेय.

भिकाजीला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अंब्या, माझ्या आतेभावानं वापीला बोलावलंय, केमिकल कंपनीत दोन माणसं पाहिजेत. अकरा तारखेला निघतो. तू तर असाही पळणारच होतास. या वेळी कारण पण झकास आहे."

तो चेष्टा करत होता. मला लागली.

८ मे, शुक्रवार

सगळं क्रमानं लिहितो, नाही तर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी नऊच्या होडीनं पाहुण्या आल्या. सगळ्यांना वाटलं गोऱ्या असतील. उतरल्या त्या आफ्रिकेच्या, टांझानिया देशाच्या. उंच, डोक्याला रंगीत फडकं, चपला हातात घेऊन चिखलातून सरळ वर आल्या. नाव नेमा. सरूबाई मोठ्यानं म्हणाली, "अगं बाय, ही तर माझ्याहून सावळी! बरं झालं. ही कालवण खाईल, पाव नाय मागाची." डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. नेमा मॅडमनी काय म्हणाली ते विचारलं, सिस्टरनं सांगून टाकलं, आणि त्या एवढ्या हसल्या की मंडपातली पोरं पण हसायला लागली. सिस्टरनं नंतर सांगितलं, त्या स्वतः खेड्यातल्या नर्स होत्या, पंधरा वर्षं. मग मोठ्या कचेरीत गेल्या.

तक्ता झाला. भाषण झालं. नवीन जन्मलेल्या चार पोरांना टोचायचं होतं. आजच्या पेटीत सिस्टरनं सांगितल्याप्रमाणे साधा बर्फ, काटा सहावर.

मग सरूबाई उठली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. घरातून बर्फाची टोपली आणि मिठाचं मडकं घेऊन आली आणि मॅडमना दाखवायला लागली. "हे बघा, असा एक थर. मग मीठ. मग परत. ह्या पोराला काय येत नव्हतं. मी शिकवलं. म्हनून शंभर टक्के!"

डॉक्टरांनी इंग्रजीत फक्त बर्फाचं सांगितलं असणार, कारण "आइस" एवढंच मला ऐकू आलं. पण नेमा मॅडम मडक्याकडे बघत होत्या. दोन बोटांनी खडा उचलला, जिभेला लावला. चेहरा बदलला. त्यांनी माझ्या पेटीतली बाटली काढली, जोरात हलवली आणि टेबलावर ठेवून बघत राहिल्या.

मी हे पहिल्यांदा एकटा बसून केलं तेव्हा मला वाटलं होतं हे मीच शोधलं!

बाटली दुधासारखी राहिली. डॉक्टरांचे खांदे सैल झाले. मॅडमनी मान हलवली, ठीक आहे अशी. त्या तक्त्याकडे वळल्या.

माझ्या खिशात दुसरी होती. एप्रिलमधली. का आणली होती ते मला अजून सांगता येत नाही. दाखवायचीच असं ठरवलं नव्हतं. नाही दाखवायची असंही नव्हतं. मंडपाच्या खांबाला टेकून मंजुळा उभी होती, कमळ तिच्या खांद्यावर झोपलेली, दवाखान्याच्या औषधानं जरा बरी. पोरीच्या मानेची शीर उडताना दिसत होती.

मी बाटली काढली, हलवली, पहिलीच्या शेजारी ठेवली.

नेमा मॅडम परत आल्या. वाकून बघत राहिल्या, कण तळाला बसेपर्यंत.  मग त्यांनी एक प्रश्न विचारला.  सिस्टर पुढे झाली आणि म्हणाली, "सिक्स्टी वन." तेवढं इंग्रजी मला कळलं.

त्या ओट्यावर बसल्या. सिस्टरमार्फत बोलल्या, ते असं. कागद कुठे आहे? मी झाकण उघडून दिलं. हा इथं कोण वाचतं? सिस्टर म्हणाली, मी. एकटी. मग मॅडम कागदावरून हात फिरवत म्हणाल्या, हा आमच्या कचेरीत तयार झाला, मी पण त्या टेबलावर होते. चाळीस देशांत गेलाय. यात मिठाचं नावसुद्धा नाही. आम्हाला कुणाला सुचलंच नाही की बर्फ ज्यांचा धंदा आहे त्यांना विचारावं. त्यांनी वहीत लिहून घेतलं, आणि सरूबाईला विचारलं, एका टोपलीला किती मुठी.

डॉक्टरांना त्या म्हणाल्या, मुलांना पुन्हा द्या, पावसाच्या आधी सुरू करा, आणि आयांना कारण सांगा. फ्रीजचं माझ्या एकटीच्या हातात नाही. जे पाहिलं ते सगळं लिहीन. चांगलंही.

सगळ्यात शेवटी सरूबाईला कळलं. मंजुळाला आधी कळलं होतं, ती कमळला घेऊन आत निघून गेली. सरूबाई मडकं मांडीवर घेऊन बसली होती. मी जवळ गेलो.

"कधी समजलं तुला?"

"एक तारखेला, मावशी."

"सिस्टरला सांगितलंस. डाक्टरला सांगितलंस. परदेशच्या बाईला पन दाखवलंस." ती मान वर करत नव्हती. "मना नाय सांगितलंस. मी येड्यावानी मडकं घेऊन नाचलं सगळ्यांच्या फुडं."

म्हटलं, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.

ती उठून गेली. मला तिचं चिडणं कळलं नाही. मी तर तिचं नाव कुणापुढे घेतलंच नव्हतं.

९ मे, शनिवार

डॉक्टर बोलत नाहीत. काढलं पण नाही. पिशवी भरून ठेवली.

११ मे, सोमवार

भिकाजी सकाळी गेला. स्टेशनपर्यंत सोडायला गेलो, पिशवी सोबत होती. गाडी लागली तर म्हणाला, "चढ." मी म्हटलं, गुरुवारी मनोरी आहे. म्हणाला, "तुला तिथं मारतील." म्हटलं, मारतील. गाडी गेली.

१४ मे, गुरुवार

पुन्हा पहिला डोस. एकसष्टपैकी चार आली.

बाप्ये मंडपाबाहेर उभे. एक म्हणाला, "परत टोचनार? पयलं काय पानी टोचलं? आता काय टोचतायत, रॉकेल?" सिस्टर समजावत होती, घशाला कोरड पडेपर्यंत. सरूबाईचं दार बंद. मंजुळा विहिरीवर दिसली, मान फिरवली. मुक्कामाला यावेळी मला देवळाच्या ओट्यावर झोपावं लागलं.

डॉक्टर खरे ठरले म्हणायचं का?

परत येताना होडीत सिस्टर म्हणाली, "अंबादास, तू मला पहिल्या दिवशी विचारलं होतंस कागदावर काय आहे. मी पाच मिनिटं दिली असती तर."  मी तेच धरून विचार करत राहिलो. तिनं मला सांगितलं नाही, कारण मला कळणार नाही असं वाटलं. किंवा वेळ नव्हता. आणि मी सरूबाईला

(इथं थांबलो होतो. रसवाला बर्फाचे पैसे मागायला आला. नंतर काय लिहायचं होतं ते सुचलं नाही. शनिवारी सुट्टी घेऊन मनोरीला जातो.)

१६ मे, शनिवार

दार वाजवलं. मंजुळानं उघडलं. म्हटलं, मावशींना काही सांगायला नाही आलो, त्यांचा बर्फ मागायला आलोय.

तारीख उलटलेल्या दोन बाटल्या आणल्या होत्या. सरूबाईसमोर ठेवल्या. म्हटलं, एक तुमच्या पद्धतीनं ठेवा, एक नुसत्या बर्फात. तुम्हीच. मी हात लावत नाही.

ती उठून बर्फ घेऊन आली. मग बसली. बर्फ फोडला. मूठ मोजून मीठ घातलं, नेहमीसारखं, न कमी न जास्त. दुपारपर्यंत आम्ही तिघं बसून होतो. कमळ रांगत येऊन माझ्या पायाला धरत होती. खोकते अजून, पण मधे श्वास घेते. सिस्टर म्हणते हा खोकला महिना-दीड महिना जात नाही.

सरूबाईनं बाटल्या काढल्या. गोठलेली हातात धरून सैल केली. दोन्ही हलवल्या. चष्मा नाही तिला, उजेडात धरून बघत राहिली. पुन्हा हलवल्या. चार वेळा.

"दूध फाटलं," म्हणाली.

"होय."

"मना वाटलं हे पन म्हावऱ्यासारखं. जेवढं थंड तेवढं चांगलं."

"मलाही तेच वाटलं, मावशी. मी तर उन्हात धरून वितळवलं."

"तू पन येडाच." मग पहिल्यांदा आवाज मऊ झाला. "जेवलास का?"

१७ मे, रविवार

मुक्काम केला. सकाळी जेट्टीवर बोटी लागल्या, सगळ्या बाया टोपल्या घेऊन जमल्या, बोली सुरू व्हायच्या आधी सरूबाई मधोमध गेली. दोन्ही हातांत दोन बाटल्या.

"आयका गं बायांनो! लशीची वाट माझ्या मिठानं लागली. डाक्टरची नाय, सिस्टरची नाय, ह्या पोराची नाय. हे बघा!" आणि हलवून दाखवल्या.

"तुझं मीठ आन् आमची पोरं!" एक बाई किंचाळली.

"व्हय, माझंच! चाळीस वरसं त्याच मिठाचं पापलेट खाल्लंस, तवा नाय बोललीस ती? माझी नात खोकतेय, तुझी नाय. मी गुरुवारी सगळ्यांच्या आधी जाऊन बसनार. तुमी यायचं तर या, नाय तर घरी बसून माझ्या नावानं बोटं मोडा. पोरांवर नका काढू राग."

मग टोपली उचलली आणि बोलीला भाव करायला लागली, जसं काही झालंच नाही. बाटल्या मात्र बायांमधून हातोहात फिरत राहिल्या. जी ती हलवून बघत होती.

सरूबाईनं सगळं स्वतःवर घेतलं. ते खरं नव्हतं. मी ओरडून सांगायला हवं होतं. तोंड उघडेपर्यंत बोली सुरू झाली.

२१ मे, गुरुवार

बावन्न.

सरूबाई सातच्या आधी येऊन पहिल्या ओळीत बसली होती. कमळला सिस्टरनं तपासलं, डांग्याची सुई आता तिला नको, बाकीचं खोकला गेल्यावर बघू म्हणाली. तरी म्हातारी उठली नाही, शेवटचं पोर होईपर्यंत बसून राहिली, रडणाऱ्यांना सुकी बोरं वाटत.

कागदाचं मराठी सिस्टरनं केलंय. मॅडमना पण पाठवणार आहे. मंडपात वाचून दाखवलं, "लस गोठवू नये." सरूबाई म्हणाली, "असं कोन बोलतं? लिही, म्हावऱ्यासारखं नको, दुधासारखं ठेव." सिस्टरनं खोडून तेच लिहिलं.

डॉक्टर पण आले होते. मागे उभे राहून बघत होते. जाताना मला म्हणाले, "जूनच्या अखेरपर्यंत आहेस. पुढचं पुढे." फ्रीजचं ऑगस्टमध्ये कळणार.

२७ मे, बुधवार

आठवड्यात मागे राहिलेल्यांचंही झालं. कमळ सोडून एकच राहिलं. त्याची आई रागानं माहेरी उत्तनला गेली होती. तीच जी पहिल्या वेळी बाजार बुडवून बसली होती.

आज सिस्टर, मी आणि सरूबाई गेलो. गोराईपर्यंत टांगा मिळाला, पुढे चालत. पेटीत साधा बर्फ, काटा पाचावर. वाटेत मी सरूबाईला म्हटलं, तुम्ही बोला, तुमचं ऐकतात. ती म्हणाली, "मी एकदा बोललं. माझ्या वाट्याचं झालं. तुझ्या वाट्याचं मी कशाला बोलू?"

बाई अंगणात जाळं विणत होती. आम्हाला बघून उठली नाही, बसा म्हणाली नाही. सरूबाई आणि सिस्टर फाटकाबाहेरच थांबल्या, मुद्दाम. मी एकटा आत गेलो. गावाहून आल्यापासून इतकं सलग मी कुणाशी बोललो नसेन. म्हटलं, पेटी माझ्याकडे होती. बाटल्या गोठलेल्या मी बघितल्या होत्या. उन्हात धरून मी सैल केल्या, कुणाला सांगितलं नाही. वहीत उणेच्या जागी मी शून्य लिहिलं. माझी बहीण ह्याच खोकल्यानं गेली आणि तरी कळल्यावर आठ दिवस मी तुम्हा आयांपुढे गप्प होतो.

तिचे हात जाळ्यावर थांबले.

"आता खरं औषध हाय कशावरून?"

मी बाटली दिली. सांगावं लागलं नाही कशी बघायची. तिनं हलवली, उजेडात धरली. आम्ही दोघं बघत राहिलो. बराच वेळ गेला. तळाला काही बसलं नाही.

तिनं बाटली माझ्या हातात ठेवली आणि आत गेली. दार लोटलेलं. आतून भांड्यांचा आवाज, मग तोही थांबला. सिस्टर फाटकातून हळूच म्हणाली, "चल, निघू या." मी हललो नाही.

मग ती बाहेर आली. पोराचं तोंड धुतलं होतं, नवं टोपडं घातलं होतं, आणि दंडावरची बाही आधीच वर सारलेली होती.